हबीबभाईच्या डिस्कमधली माणसं

दारव्ह्याच्या बाजार ओळीत हबीबभाईची ख्याती दोन कारणांनी होती. एक म्हणजे, एवढा तिरसट फोटोवाला साऱ्या तालुक्यात शोधून सापडला नसता. गिऱ्हाईक आत आलं की ‘या, बसा’ नाही. ‘काय पाह्यजे, लवकर बोला’. आणि दुसरं म्हणजे, त्याच्याकडे एकदा आलेला चेहरा हरवत नसे. पहिल्या कारणानं जे लोक उठून जात, ते दुसऱ्या कारणानं मुकाट्यानं परत येत.

चेहरा हरवत नाही म्हणजे काय, ते सांगायला हवं. कापसानं ज्या वर्षांत या मुलखाची कंबर मोडली, त्या वर्षांत फोटोवाल्यांचा धंदाही पालटला. लग्नं एका दिवसात उरकू लागली, व्हिडिओ म्हटलं की ‘कायले पाह्यजे?’ असं लोक विचारू लागले. आणि दुसरंच एक गिऱ्हाईक वाढलं. ते पायरीपाशीच उभं राहायचं आणि खाली बघत म्हणायचं, “भाऊ, तेरवीसाठी फोटो पाह्यजे होता.” गेलेला माणूस चाळिशीचा, कधी पस्तिशीचा. स्टुडिओत जाऊन एकट्याचा फोटो काढायची चैन त्यानं कधी केलेली नसे. पण कोणाच्या ना कोणाच्या लग्नात तो उभा असेच. मांडवाच्या खांबाशी, वरातीत, पंगतीत. हबीबभाई गाव विचारायचा, साल विचारायचा, त्या लग्नाचे हजारभर फोटो उघडून बसायचा आणि त्या गर्दीतून तो एक माणूस अलगद कापून काढायचा. मागचा मांडव पुसायचा, निळं आभाळ लावायचा, कॉलर सरळ करायचा. खांद्यावर दुसऱ्या कोणाचा हात आला असेल तर तोही काढायचा. फ्रेम भिंतीवर गेली की घरचे म्हणत, जसाच्या तसा आहे हो.

हे सगळं ज्याच्या जोरावर चालायचं, तो होता त्याचा बॅकअप. दुकानातला कॉम्प्युटर पाचशे जीबीचा. लग्नाचा सीझन आला की महिन्याभरात गच्च भरायचा आणि डिस्कपुढची निळी पट्टी लाल व्हायची. म्हणून हबीबभाईनं एक रीत बसवली होती. गिऱ्हाइकाला डीव्हीडी दिली की ते लग्न बॅकअपला घालायचं, आणि तिथं नीट गेलं हे पाहून कॉम्प्युटरमधून पुसून टाकायचं. बॅकअपसाठी बाहेरची एक टीबीची डिस्क होती. ती टेबलाच्या खणात, बायकोनं, म्हणजे रुबीनानं, शिवून दिलेल्या कापडी पिशवीत असायची. बुरशी धरलेल्या जुन्या सीडींवरची लग्नंसुद्धा त्यानं एकेक करून तिच्यात उतरवली होती. बॅकअपची खिडकी उघडली की तारखांची ओळ दिसायची: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, इतके जीबी. हबीबभाई त्यांना थप्प्या म्हणायचा. अकरा वर्षांच्या थप्प्या.

आता कोणी शहाणा म्हणेल, अहो, बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिलीच पुसली तर दुसरी कसली? खरंच आहे ते. हबीबभाईलाही कळत होतं. पण दुसरी मोठी डिस्क ‘या सीझनला घेऊ’, ‘पुढच्या सीझनला घेऊ’ करत राहून गेली. तोवर जागा लागली की तो इकडून तिकडून ओरबाडायचा. विंडोज स्वतःच्या दुरुस्तीसाठी जी जागा अडवून ठेवते, तिचा स्लायडर ओढून दोन टक्क्यांवर आणायचा, जुने रिस्टोर पॉइंट उडवायचा, कचरा काढायचा. थप्प्यांना मात्र हात लावायचा नाही. “कॉम्प्युटर बिघडला त मी बसवीन नवा,” तो म्हणायचा, “मानूस कुठून बसवू?”

या दुकानात त्याची भागी होती डोमाजीशी, बावीस वर्षांची. रेडिओ दुरुस्तीच्या दिवसांपासून दोघं एका टेबलावर बसलेले. डोमाजी कॅमेरा चालवायचा, हबीबभाई कॉम्प्युटर. एक जितका तिरसट, दुसरा तितका गोडबोल्या. गिऱ्हाइकाशी बोलताना साखर पेरत जाणारा. पहिल्यापासून ‘डोम्या’ आणि ‘हबीब्या’. ईदला डोमाजीच्या घरी शिरखुर्म्याचं पातेलं जायचं, पोळ्याला हबीबच्या घरी करंज्या यायच्या. डोमाजीच्या दिपालीचं लग्न झालं तेव्हा हबीबभाईनं दोन दिवस कॅमेरा हातात घेतला, कारण पोरीच्या बापानं स्वतःच फोटो काढत फिरावं हे बरं दिसत नाही. रुबीना म्हणायची, “तुमको सगा भाई होता तो भी इत्ता नहीं मानते थे.” हबीबभाई म्हणायचा, “सगा असता त इतका पटला नसता.”

डोमाजी कॉम्प्युटरच्या बाबतीत ढ आहे, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, कारण हबीबभाईच ते सांगत सुटायचा. “आमचा डोम्या कॅमेऱ्याचा बादशाह, आन माउस धरते त विंचू पकडल्यावानी.” डोमाजीही हसायचा. पण मागच्याच दिवाळीत हबीबभाईनं त्याला शेजारी बसवून थप्प्या दाखवल्या होत्या. हे असं उघडायचं. ही तारीख निवडायची. हे लग्न परत आणायचं, हे इथं ठेवायचं. आणि हे ‘डिलीट’. “याले बोट लावशीन त बोट तोडीन. हे दाबलं की थप्पी गेली. मंग देव आला तरी येत नाही.” डोमाजी म्हणाला, “समजलं बावा, समजलं.”

२०१२च्या जानेवारीत हबीबभाईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. तो रुबीनाला घेऊन यवतमाळला मेव्हण्याकडे आठ दिवस राहिला. नेमक्या त्याच आठवड्यात एका बी-बियाणंवाल्याच्या घरचं लग्न निघालं. सीझन कोरडा गेलेला, त्यात असं तालेवार घर. नवा एचडी कॅमेरा भाड्यानं आणून डोमाजीनं तीन दिवस शूटिंग केलं. हबीबभाई परत आला तेव्हा ते सगळं शूटिंग बाहेरच्या डिस्कवर पडलेलं होतं आणि डोमाजी खुशीत होता. हबीबभाईनंही शाबासकी दिली. डोळ्यात थेंब टाकायचे होते, डॉक्टरनं पडद्यापुढं बसायला पंधरा दिवस मनाई केली होती. एवढं शूटिंग मावायला जागा कुठून आली, हा प्रश्न त्याच्या मनातही आला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तानाबाई आली. डोमाजीच्याच गावची. तिचा नवरा उकंडा इथल्या जिनिंगमध्ये हमाल होता; जिनिंग बंद पडलं, मग तो पांढरकवड्याला ट्रकवर कापसाच्या गठाणी चढवायला जाऊ लागला. तिथंच वरून पडला आणि जागीच गेला. त्याला चार दिवस झाले होते.

“भाऊ, त्यायचा फोटो पाह्यजे होता,” तानाबाई म्हणाली. तिनं पदराच्या गाठीतून मतदार कार्ड काढलं. त्यात उकंडा आहे की दुसरा कोणी, हे बायकोलाही सांगता आलं नसतं. “मांगच्या साली माह्या भाचीचं लगन झालं ना, तुमीच काढलतं. त्यात त्यायनं एकट्याचा काढला होता. कोट घालून. जीपच्या बाजूनं. मलेच म्हने, पाहाय व, साहेब दिसतो का नाही.”

हबीबभाईला तो फोटो आठवला. डोमाजीनंच काढला होता. उसना कोट, बाह्या लांब, आणि उकंडा असा हसत होता की बघणाऱ्यालाही हसू यावं. नवरीच्या अल्बममध्ये तो गेला नव्हता. नवरीच्या अल्बममध्ये हमालाचा फोटो कोण लावतो? डीव्हीडी भाचीच्या सासरी पाहून पाहून घासली होती. पण थप्पीत तो होता, नक्की होता.

“घरी जाय तू,” हबीबभाई म्हणाला. “तेरवीच्या आंदी फ्रेम तुह्या हातात. हबीबकडून चेहरा हरपत नाही.”

त्यानं डिस्क जोडली, बॅकअपची खिडकी उघडली. ओळीत एकच तारीख होती. गेल्या महिन्याची. वरच्या सगळ्या थप्प्या नाहीत.

त्यानं खिडकी बंद करून पुन्हा उघडली. डोळा नवा होता, म्हणून चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. वायर काढली, पुन्हा लावली. एकच तारीख. अकरा वर्षांची लग्नं, त्यातली माणसं, आणि त्यातला तो कोट घातलेला उकंडा.

“डोम्या!” तो असा ओरडला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

डोमाजी आला, पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. “अबे, तो डब्बा भरला म्हने. जागा नाही म्हने. काहीतरी दाब म्हने, मी ओके दाबलं. मले काय कयते बाप्पा त्यातलं!”

“काय म्हने, काय म्हने! कोन म्हने? तुले सांगितलतं ना बोट लावू नको म्हून?”

“लगन उभं होतं रे. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. मी घाबरलो. अनाडी मानूस मी.”

हबीबभाई दिवसभर त्याच्याशी बोलला नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र तोच म्हणाला, “जाऊ दे. चूक माहीच हाय. अनाड्याच्या हातात किल्ली मी देल्ली. आन दुसरी डिस्क मीच नाही घेतली.” डोमाजीनं मान हलवली. त्या मान हलवण्यात त्याला किती सुटल्यासारखं वाटलं असेल, हे हबीबभाईला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तानाबाईला त्यानं निरोप धाडून बोलावलं. बावन्न वर्षांचा तो तिरसट माणूस तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. “बाई, माह्या हातून गेला फोटो. माही चूक. मी सांभाळाले पाह्यजे होता.” तानाबाई ओरडली नाही, रडली नाही. “पुरा गेला?” एवढंच तिनं विचारलं. “थोडासाबी नाही?” ते ‘थोडासाबी’ हबीबभाईच्या काळजात घुसलं. डोमाजी मागं ट्रायपॉड पुसत उभा होता. सगळं ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही की बाई, यानं नाही, मी पुसलं.

हबीबभाई हट्टाला पेटला. पुसलेलं परत आणायचे जेवढे प्रोग्राम होते तेवढे त्यानं चालवून पाहिले. काही उपयोग नव्हता. पुसलेल्या जागेवर बियाणंवाल्याची वरात जाऊन बसली होती. नवरदेवाच्या घोड्याखाली अकरा वर्षांची माणसं गाडली गेली होती. मग त्यानं कॉम्प्युटरची डिस्क खणायला घेतली. एखादं लग्न पुसायचं राहून गेलं असेल, एखादी प्रत कुठं विसरली असेल, या आशेनं एकेक फोल्डर उघडत गेला. डॉक्टरचे पंधरा दिवस अजून संपले नव्हते. डोळा चुरचुरत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी, डोमाजी जेवायला घरी गेला असताना, कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये, त्याच्या पोटात आणखी एका फोल्डरमध्ये, त्याला एक लग्न सापडलं. अकराशे फोटो. पहिलाच उघडला, तर दिपाली. हळद लागलेली, लाजून खाली बघणारी दिपाली.

हबीबभाईला आनंदच झाला आधी. चला, पोरीचं लग्न तरी वाचलं! डोम्याला सांगावं म्हणून तो उठलाही. आणि उठता उठता थांबला. हे लग्न तर त्यानं स्वतः दोन वर्षांपूर्वी बॅकअपला घालून इथून पुसलं होतं. मग हे इथं कसं?

त्यानं फोल्डरची तारीख पाहिली. १९ जानेवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. त्या दिवशी तो यवतमाळला पट्टी बांधून पडला होता. बियाणंवाल्याचं पहिलं शूटिंग बाहेरच्या डिस्कवर पडलं त्याची वेळ, त्याच दिवशी बारा वाजून पाच मिनिटं.

हबीबभाई खाली बसला. एवढा वेळ बसला की कॉम्प्युटरचा पडदा आपोआप काळा झाला.

म्हणजे डोम्यानं खिडकी उघडली. तारीख निवडली. आपल्या पोरीचं लग्न शोधून, नीट परत आणून, कोणाला दिसणार नाही अशा जागी ठेवलं. आणि मग एकेक थप्पी निवडून डिलीट दाबलं. ‘ओके दाब म्हने, मी दाबलं’ नव्हे. काय जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच तर आपलं तेवढं आधी उचललं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि वर अनाडीपणाचं सोंग. ते सोंगही हबीबभाईनंच बावीस वर्षं बाजारभर पिटून त्याला आयतं करून दिलेलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि आपण? आपण त्या बाईपुढं हात जोडले!

त्याला इतका राग आला की डिस्क उचलून रस्त्यावर फेकावी. पण तेरवीला पाच दिवस उरले होते. उकंडा डोमाजीच्या गावचा. दिपालीच्या लग्नात आला असणारच. हबीबभाईनं पडदा पुन्हा जागा केला आणि अकराशे फोटो बघायला बसला.

उकंडा होता. नऊ फोटोंत होता. आठांमध्ये पाठमोरा, नाहीतर वाकून वाढताना, नुसतं डोकं. नवव्यात बुंदीचं टोपलं कमरेवर घेऊन कोणाला तरी हाक मारत होता. चेहरा अर्धा वळलेला, तोंड उघडं, कपाळावर घाम. हसू नाही, कोट नाही. हबीबभाईनं टोपलं काढलं, घाम पुसला, मागं निळं आभाळ लावलं. उघडं तोंड मिटवायचा प्रयत्न केला, पण मग तो उकंडा दिसेना. तसंच ठेवलं. डोमाजीला तो काही बोलला नाही. आधी बाईचं काम, मग भांडण.

तेरवीच्या आदल्या दिवशी तानाबाई आली. हबीबभाई आत फ्रेमला खिळे मारत होता. तो बाहेर येईपर्यंत डोमाजीनं काउंटरवरचा प्रिंट उचलून तिच्या हातात ठेवलाही होता. फोटो कुठल्या लग्नातला ते त्यानं ओळखलं होतं. मागचा मांडव पुसलेला असला तरी चेहऱ्यावर पडलेला आपल्या दारातला उजेड माणूस ओळखतो. आणि क्षणात त्यानं गोष्ट जुळवली.

“घे तानाबाई,” डोमाजी म्हणत होता. “सारं गेलतं, पन आपल्या दिपालीच्या लगनाचं मी येगळं वाचवून ठेवलतं. म्हनलं, आपल्या गावचे लोक हायेत त्यात, कवा कामी येईन. त्यातून भेटला पाहाय उकंडा.”

तानाबाईनं फोटो पाहिला. त्या उघड्या तोंडावरून बोट फिरवलं. “बोलूनच राह्यला जनू,” ती म्हणाली, आणि तेव्हा रडली. मग वाकून डोमाजीच्या पाया पडली. “भाऊ, तुमी हायेत म्हून.” हबीबभाईकडं तिनं पाहिलं, पण त्या पाहण्यात काही नव्हतं. हरवणारा माणूस तो; वाचवणारा हा.

हबीबभाईच्या हातात हातोडी होती. एक शब्द बोलला असता तर सगळं उघडं पडलं असतं. पण ती बाई फोटो छातीशी धरून उभी होती, आणि त्या घटकेला उकंडाच्या नावानं दुकानात भांडण व्हावं हे त्याच्यानं झालं नाही. त्यानं फ्रेम बसवली, वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली. ती गेली.

मग तो म्हणाला, “अकरा-वीसले पोरगी उचलली. मंग दाबलं.”

डोमाजीचा चेहरा उतरला. तो कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळू लागला. “पोरगी हाय रे माही,” तो म्हणाला.

“आन बाकीचे?”

“जागा नव्हती, हबीब्या. एवढं मोठं काम हातचं गेलं असतं. तुले इच्यारलं असतं त तू नाहीच म्हनला असता.”

“हो. नाहीच म्हनलो असतो,” हबीबभाई म्हणाला. “डोयाले पट्टी होती माह्या. कानाले नव्हती. आठ दिवसांत एक फोन नाही झाला तुह्याच्यानं. बरं, आल्यावर त सांगाचं होतं. तेबी नाही. त्या बाईपुढं मी हात जोडले, तू ट्रायपॉड पुसत राह्यला. तू अनाडी असता, डोम्या, त मी तुले कयामतपर्यंत माफ केलं असतं. मी करून बसलो होतो माफ.”

एवढं बोलून त्यानं हातोडी खणात टाकली. बाजार ओळीला वाटलं होतं मोठं भांडण होईल, भागी फुटेल. तसं काही झालं नाही. दुकान एकाचं चाललं नसतं, त्या वर्षांत तर नाहीच. नवी डिस्क आली, तिच्यावर पासवर्ड आला. दोघं त्याच टेबलाशी बसत राहिले.

त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी डोमाजी दुकानात आला तेव्हा हबीबभाई खुर्चीवरून उठून उभा राहिला. “या, डोमाजीराव,” तो म्हणाला. “बसा तुम्ही.” डोमाजीला वाटलं, टोमणा मारतो आहे, दोन दिवसांत उतरेल. दोन दिवस झाले, दोन महिने झाले. डोमाजीराव, तुम्ही जेवून या. डोमाजीराव, तुमचं कार्ड भरलं का? आवाज चढवणं नाही, शिवी नाही, थट्टा नाही. गिऱ्हाईक म्हणत, वय झालं की माणूस किती नरम होतो पाहा, भागीदाराला कसा मान देतो.

पोळ्याला डोमाजी स्वतः करंज्यांचा डबा घेऊन हबीबभाईच्या दारात आला. रुबीनानं डबा घेतला, आत नेला. डोमाजी ओट्यावरच उभा राहिला. “हबीब्या,” तो म्हणाला. “शिव्या दे. जोडा मार. पन एक डाव डोम्या म्हन ना बे.”

हबीबभाईनं त्याच्यासाठी खुर्ची पुढं ओढली, बसायची जागा हातानं झटकली.

“बसा, डोमाजीराव,” तो म्हणाला. “चहा सांगतो.”